फायनल इयर प्रोजेक्टचा विषय कुठून येतो?

सातवं सेमिस्टर सुरू झालं की मला एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. "दादा, प्रोजेक्टला एखादा टॉपिक सुचवा ना. ओपन सोर्स पाहिजे, सर्व्हर-क्लाउडमधलं पाहिजे, आणि मेन म्हणजे वेळेत पूर्ण झालं पाहिजे." यंदा तर हा मेसेज घरातूनच आला. माझा चुलतभाऊ फायनल इयरला आहे. त्याला फोनवर उत्तर द्यायला बसलो, तास गेला तरी विषय काही सांगितला नाही, इतिहासच सांगत बसलो. तो वैतागला. पण तोच तास म्हणजे आजचा एपिसोड. ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लेखी अवतार. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

विषय आहे इन्फ्रास्ट्रक्चर मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर. नाव जड आहे, काम समजायला सोपं आहे. दहा, शंभर किंवा दहा हजार कॉम्प्युटर आहेत. त्यांच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, सेटिंग सगळीकडे सारखं ठेवायचं, अपडेट द्यायचे, एखादा बिघडला तर शोधून ठीक करायचा. हे सगळं हाताने न करता सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचं. तुम्ही टपरीवर चहाचे दहा रुपये फोनवरून देता, तेव्हा मागे कुठेतरी हेच चाललेलं असतं.

माझी या कामाशी ओळख हसनाबादला झाली. माहीत नसेल त्यांच्यासाठी: जिल्हा जालना, तालुका भोकरदन. साल २०१३, उन्हाळ्याची सुट्टी, दहावीची परीक्षा नुकतीच झालेली. एमकेसीएलने २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू केल्यापासून गावोगावी कॉम्प्युटर क्लास निघाले होते. आमच्याकडच्या अशाच एका क्लासमध्ये मी जायचो. माझी फी माफ होती, त्या बदल्यात मशीन फॉरमॅट करायचं काम माझं. दहा मशीन, सगळ्यांवर एक्सपी. त्या काळातला तो शॉर्टकट व्हायरस आठवतोय का? पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट व्हायचे. तो महिन्यातून दोनदा यायचाच. मग एक सीडी घ्यायची, एकेका मशीनपाशी पाऊण तास बसायचं, त्यानंतर ड्रायव्हर, मराठी फॉन्ट, प्रिंटर. दहावं मशीन होईपर्यंत पहिल्यात कुणीतरी परत पेनड्राइव्ह घातलेला असायचा.

एका दुपारी सातव्या मशीनवर मी चुकीचं पार्टिशन उडवलं. एक्सपीच्या सेटअपमध्ये निळ्या स्क्रीनवर आधी डी दाबायचं असतं, मग खात्री म्हणून एल. सहा मशीनवर बोटं सवयीने चालली होती, सातव्यावरही चालली. त्या मशीनवर सरांचा फीचा हिशोब आणि पोरांच्या ॲडमिशनची माहिती होती. आणि मला ते माहीत होतं, हे सगळ्यात वाईट. सर ओरडले नाहीत. "बाळा, कपाटातून पावतीबुकं काढ," एवढंच म्हणाले. दोन रात्री मी पावत्या वाचून दाखवल्या आणि त्यांनी टाईप केल्या. काही पावत्या सापडल्याच नाहीत. त्या पोरांनी जेवढी फी भरली असं सांगितलं, तेवढी सरांनी मांडली.

हे सातवं मशीन लक्षात ठेवा. आता आपण नॉर्वेला जाऊ, कारण माझ्या या फजितीच्या बरोबर वीस वर्षं आधी तिथे एका माणसाला असल्याच कामाचा कंटाळा आला होता.

त्याचं नाव मार्क बर्जेस. ऑस्लो विद्यापीठात तो थिअरेटिकल फिजिक्सचा पोस्टडॉक संशोधक होता, म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणं हे त्याचं काम नव्हतंच. पण विभागात युनिक्सची वर्कस्टेशन होती आणि प्रत्येक कंपनीचं युनिक्स वेगळं. एकाच कामाची कमांड इकडे एक, तिकडे दुसरी. लोक शेल स्क्रिप्ट लिहायचे आणि त्यात "हे मशीन या जातीचं असेल तर असं कर, त्या जातीचं असेल तर तसं कर" अशी भली मोठी जंत्री व्हायची. बर्जेसने १९९३ मध्ये त्यावर उपाय म्हणून सीएफइंजिन लिहिलं.

त्यातली कल्पना मी जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. स्क्रिप्ट म्हणजे कृती: आधी हे करा, मग ते करा. सीएफइंजिनमध्ये तुम्ही कृती लिहीत नाही, मशीन शेवटी कसं दिसलं पाहिजे ते लिहिता. ही फाईल असली पाहिजे, तिची परवानगी अशी पाहिजे, ही सेवा चालू पाहिजे. मग सॉफ्टवेअर मशीनकडे बघतं आणि जेवढं बिघडलंय तेवढंच सुधारतं. सगळं ठीक असेल तर कशालाच हात लावत नाही. एकदा चालवा की पन्नासदा, शेवट तोच. बर्जेसने याला कन्व्हर्जन्स म्हटलं, आणि १९९८ मध्ये कॉम्प्युटरची रोगप्रतिकारशक्ती अशा अर्थाच्या नावाचा निबंध लिहिला. म्हणजे मशीनने डॉक्टरची वाट न बघता स्वतःला बरं करावं.

आता माझ्याकडे बघा. मी कृती पाठ केली होती. डी, मग एल. समोरचं मशीन कोणत्या अवस्थेत आहे, त्याच्यावर काय आहे, हे न बघता कृती चालवली. १९९३ मध्ये ज्यावर उपाय निघाला, तो आजार मी २०१३ मध्ये हसनाबादला जगत होतो.

बर्जेस पुढे ऑस्लोच्या एका कॉलेजात प्राध्यापक झाला आणि तिथे नेटवर्क आणि सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स डिग्री सुरू झाली. आपल्याकडे ज्याला "लॅब असिस्टंटचं काम" म्हणून बाजूला सारतात, त्यावर तिथे पोरं थीसिस लिहायला लागली.

ऑस्लो काही एकटं नव्हतं. जर्मनीत कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांच्यासमोर कॉम्प्युटरचा एक नवा क्लस्टर आला, आणि प्रत्येक मशीनसमोर बसून लिनक्स टाकायची त्यांची तयारी नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी एफएआय लिहिलं, पूर्ण आपोआप इन्स्टॉल करणारं. मशीन नेटवर्कवरून सुरू होतं, आपलं आपण डिस्क आखून घेतं, सिस्टिम टाकतं. माझी सीडी आणि माझा पाऊण तास, दोन्ही त्यात गेले. ते सॉफ्टवेअर आजही चालू आहे.

आता थीसिसकडे येऊ, कारण विचारलं तुम्ही तेच होतं. यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाचं. तिथे एल्को डोल्स्ट्रा नावाच्या विद्यार्थ्याची पीएचडी चालू होती. प्रश्न रोजचाच: एक सॉफ्टवेअर अपडेट केलं की दुसरं का मोडतं? त्याचं उत्तर होतं निक्स. प्रत्येक पॅकेज स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरच्या नावात एक हॅश, जो ते पॅकेज कशाकशापासून बनलं यावरून काढलेला. नवीन आवृत्ती जुनीवर बसतच नाही, शेजारी बसते. बिघडलं तर जुनीकडे परत जायचं, बस. त्याचा प्रबंध २००६ मध्ये आला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पाठोपाठचं. त्याच विद्यापीठात, त्याच वर्षी, आर्मेन हेमेल नावाच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याने थीसिससाठी पुढचा प्रश्न घेतला. एका पॅकेजला हे जमतं, तर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम अशी बनवता येईल का? सेटिंगच्या फायलींसकट? त्यातून निक्सओएस निघालं. आज जगभर लोक ते वापरतात, आणि त्याचं मूळ मास्टर्सच्या एका थीसिसमध्ये आहे. लक्षात घ्या, हेमेलने शून्यातून काही सुरू केलं नाही. शेजारच्या टेबलावर एक अर्धी पायवाट पडली होती, तो ती पुढे चालत गेला. आपल्या कॉलेजात मागच्या वर्षीच्या बॅचचं ब्लॅक बुक कुणी उघडतं का? उघडतो, पण कॉपी करायला.

सेफचीही गोष्ट जवळपास अशीच. सेज वाईल हा कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात पीएचडी करत होता. हजारो डिस्कवर पसरलेल्या डेटापैकी कुठला तुकडा कुठे आहे, हे लक्षात कसं ठेवायचं? सरळ मार्ग म्हणजे गोदामाच्या मुनीमासारखी एक मोठी वही ठेवायची: अमुक पोतं अमुक थप्पीत. पण वही हरवली की गोदाम असून नसल्यासारखं, आणि गर्दी झाली की मुनीमासमोर रांग. वाईलने वहीच काढून टाकली. पोत्याच्या नावावरून थप्पी कुठली ते कुणालाही गणित करून काढता येईल असा नियम त्याने बनवला. त्याचं नाव क्रश. प्रबंध २००७ मध्ये पूर्ण झाला, कोड खुला होता, २०१० मध्ये त्याचा एक भाग लिनक्सच्या कर्नलमध्ये गेला आणि २०१४ मध्ये रेड हॅटने त्याची कंपनी विकत घेतली. खुद्द लिनसने १९९७ मध्ये हेलसिंकीला मास्टर्सचा थीसिस लिहिला तो लिनक्सवरच, हे तर तुम्हाला माहीतच असेल. त्याच्याकडे विषय आधी होता, डिग्री नंतर आली.

इथे कुणीतरी म्हणणारच, हे सगळं तिकडचं झालं, आपल्याकडे काय? आपल्याकडे परम आहे. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक सुरू झालं, कारण अमेरिका आपल्याला हवा तो सुपरकॉम्प्युटर द्यायला तयार नव्हती. अकोला जिल्ह्यातून आलेले विजय भटकर तिथे प्रमुख होते आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ही गोष्ट आपण शाळेपासून "आपण पण बनवून दाखवलं" अशीच ऐकतो. माझ्यासारख्याला त्यात वेगळंच दिसतं. परममध्ये एक राक्षसी प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या लहान लहान चिपा एकमेकींना जोडल्या होत्या, आणि खरी अवघड गोष्ट होती त्या सगळ्यांकडून मिळून एक काम करून घेणं. दहा मशीनच्या क्लासचाच प्रश्न, फक्त फार वरच्या पातळीवर. पण तेव्हा जालन्यातल्या एखाद्या पोराला तो कोड उघडून बघायचा असता तर? कोड मिळाला असता तरी चालवायला परम कुठून आणणार? ओपन सोर्सने आणि स्वस्त झालेल्या जुन्या डबड्यांनी फरक पडला तो इथे. सेफ किंवा निक्स आज तुमच्या लॅपटॉपवरही उघडतं.

मी मात्र काहीच उघडलं नाही. २०१९ ला माझं बीटेक संपलं. आमचा प्रोजेक्ट होता चेहरा ओळखून हजेरी. चौघांनी प्रत्येकी अडीच हजार काढले आणि तो तयार विकत आणला. सीडी, पीपीटी, सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक आणि दोन तासांचं "एक्सप्लनेशन" असं पॅकेज होतं. कॉलेजचं आणि दुकानाचं नाव घेत नाही, कारण पैसे आम्ही आमच्या हाताने मोजले होते. व्हायवाला एक्सटर्नलने एकच प्रश्न विचारला, "हा सर्व्हर बंद पडला तर?" मी म्हणालो, "सर, रीस्टार्ट करायचा." ते हसले. मार्क चांगले पडले.

मग नोकरी लागली, आणि पहिल्याच महिन्यात माझ्या हातात अँसिबलची एक फाईल आली, चाळीस सर्व्हरसाठी. अँसिबल २०१२ चं, मायकल डीहानचं. वंशावळ लावायची तर आधी सीएफइंजिन, मग २००५ मध्ये पपेट, आणि मग हे. मी फाईल चालवली, चाळीस सर्व्हर बदलले. सीनियर म्हणाली, "आता परत चालव." मला भीती वाटली, पण चालवली. स्क्रीनवर प्रत्येक सर्व्हरपुढे आलं: चेंज्ड शून्य. म्हणजे सगळं जसं पाहिजे तसंच आहे, कशाला हात लावला नाही. मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला सातवं मशीन आठवलं. माझा प्रोजेक्ट मी सोळाव्या वर्षीच जगून झालो होतो, आणि बाविसाव्या वर्षी अडीच हजार देऊन दुसऱ्याचा आणला होता.

बरेच दिवस मी म्हणायचो की टॉपिकच्या याद्या कचऱ्यात टाका. आता तसं म्हणत नाही, आणि त्याला कारण झेकियातलं ब्रनो शहर. तिथे रेड हॅटचं मोठं ऑफिस आहे आणि तिथले इंजिनिअर गावातल्या विद्यापीठांमधल्या मुलांना थीसिसचे विषय देतात. म्हणजे यादीच की! पण ती यादी लिहिणारा माणूस रोज ते सॉफ्टवेअर वापरून वैतागलेला असतो. विषय म्हणजे त्याच्या वैतागातलीच एक ओळ असते, आणि अडलं तर तो स्वतः उत्तर द्यायला असतो. दुकानातल्या यादीमागे असा कुणी नसतो. गूगलने २००५ मध्ये समर ऑफ कोड सुरू केलं, त्यातही हेच: विषयासोबत मेंटॉर. आपल्याकडे आयआयटी मुंबईचं फॉसी विद्यार्थ्यांना अशी कामं देतं, पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये उतरवण्यापासून. काम लहान असतं, तपासता येतं आणि तुमच्या नावावर राहतं. तिथल्याच कन्नन मौद्गल्य सरांच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीत आहेत. इंग्लिशची भीती असेल तर तिथून सुरू करा.

तर चुलतभावाला शेवटी काय सांगितलं? मी त्यालाच विचारलं, "हसनाबादला असं काय होतं जे ब्रनोत होत नाही?"

तो लगेच म्हणाला, "लाईट जाते."

झालं. विषय सापडला.

फोरमन नावाचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, २००९ मध्ये ओहाद लेव्ही यांनी सुरू केलेलं. ते नेटवर्कवरून मशीन इन्स्टॉल करतं आणि पुढे सांभाळतं. त्यात असं असतं: तुम्ही एखाद्या मशीनला "बिल्ड" लावता. मशीन नेटवर्कवरून उठतं, इन्स्टॉल सुरू होतं, आणि सगळं उरकल्यावर ते फोरमनला निरोप देतं की माझं झालं. मग फोरमन त्याला सांगतो, यापुढे स्वतःच्या डिस्कवरून उठ. आता मधेच लाईट गेली तर? निरोप गेलेला नाही, म्हणून परत आल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू. ज्या गावात तासाला एकदा लाईट जाते तिथे ते मशीन कधीच पूर्ण होणार नाही. आणि निरोप पोचला, पण शेवटच्या गोष्टी डिस्कवर नीट उतरायच्या आधी लाईट गेली तर? फोरमन म्हणणार झालं, मशीन म्हणणार कुठे झालं.

याचा थीसिस होतो का? माझ्या मते होतो, आणि चांगला होतो. तीन जुनी मशीन घ्यायची. इन्स्टॉलच्या वेगवेगळ्या मिनिटाला प्लग काढायचा, प्रत्येक मिनिटाला वीस वेळा. किती वेळा मशीन आपोआप सावरलं, किती वेळा माणूस लागला, एकूण वेळ किती गेला, हे वहीत लिहायचं. मग डाऊनलोड झालेली पॅकेजं गावातच साठवून ठेवणारा कॅशे लावायचा, "झालं" म्हणण्याआधी एक तपासणी घालायची, आणि परत तेवढेच प्लग काढायचे. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. चेहरा ओळखण्यापेक्षा हे दिसायला फिकं आहे, मान्य. गाईड पहिल्यांदा नाक मुरडतील हेही मान्य, त्याच्या गाईडने विचारलंच, "यात एआय कुठे आहे?" त्याने सीएफइंजिन आणि निक्सओएसची गोष्ट सांगितली आणि सिनॉप्सिस पास झाला.

मशीन कुठून आणली? त्याच सरांकडून. क्लास आता बंद आहे, सर ऑनलाईन फॉर्म भरून देतात, पण मागच्या खोलीत चार डबे पडून होते. त्यातले तीन त्यांनी दिले. देण्याआधी म्हणाले, "थांब, आधी मी यातलं माझं काय आहे ते बघतो." माझ्यामुळेच म्हणाले असणार.

फोरमन भावाच्या लॅपटॉपवर चालतो. त्यासाठी रॅम वाढवावी लागली, तेवढा एक खर्च. लॅपटॉपला बॅटरी आहे, म्हणून लाईट गेली तरी सर्व्हर जिवंत आणि मशीन मेलेली, नेमकी हवी तशी परिस्थिती. प्लग काढायचं काम त्याची धाकटी बहीण करते, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून.

काल रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला, "दादा, अकराव्या वेळी अडकलं. फोरमन म्हणतो बिल्ट, मशीन काळ्या स्क्रीनवर. आम्ही प्लग काढलाच नव्हता, खरीच लाईट गेली."

लॉग पाठव म्हणालोय. आला की पुढच्या एपिसोडला तोच उघडून बसू.